विषय: राणीचे जुलाब चार महिने थांबत नाहीयेत, कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी,
आमची कुत्री राणी सहा वर्षांची. चार महिने झाले, जुलाब थांबतात आणि परत सुरू होतात. गोळ्या दिल्या की आठवडाभर बरं, बंद केल्या की पुन्हा तेच. अंगावरून हात फिरवला की मणके लागतात हाताला. आता एंडोस्कोपी झाली, बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा सेल वाढल्यात असं लिहिलंय. हा कॅन्सर आहे का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा, रात्र रात्र झोप लागत नाही.

---

ताई,
नावं वाचून घाबरू नका, त्या पेशी निरोगी आतड्यातही असतात, फक्त इतक्या गर्दीने नाही. लिम्फोमा, म्हणजे या पेशींचा कॅन्सर, वेगळा, तो शब्द रिपोर्टमध्ये आहे का एवढं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आमच्या मोत्याचा रिपोर्ट जवळजवळ असाच होता म्हणून सविस्तर लिहितोय.

आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर, अलीकडे अन्न आणि अब्जावधी जिवाणू, पलीकडे लगेच या पहारेकरी पेशी. प्लाझ्मा सेल आयजीए नावाची अँटिबॉडी आत सोडतात, ती जिवाणूंना भिंतीपासून लांब ठेवते. पण या पहाऱ्याचं खरं कौशल्य गप्प बसण्यात आहे, रोजचं अन्न आणि घरचेच जिवाणू बघून हल्ला न करणं, आणि त्यासाठी रेग्युलेटरी टी सेल बाकीच्यांना आवरून धरतात. हा आवर सुटला की सूज येते, अन्न शोषणारे केसासारखे उंचवटे खुरटतात, मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. म्हणून मणके लागतात हाताला.

तर सूज दाबायला स्टेरॉइड देण्याच्या आधी खाणं बदलून झालंय का? निम्म्याहून जास्त कुत्री तेवढ्यावरच सुधारतात. हायड्रोलाइज्ड खाणं, म्हणजे ज्यातलं प्रोटीन इतकं बारीक तोडलेलं असतं की या पेशी ते ओळखतच नाहीत, नाहीतर तिने जन्मात न खाल्लेलं एखादं प्रोटीन. फरक पडायचा तर बहुतेक वेळा दोन आठवड्यांत दिसतो. पण दुसरं काही म्हणजे काहीच नाही! आमचे पहिले दोन आठवडे फुकट गेले कारण हार्टवर्मची (हृदयातल्या जंतांची) चघळायची गोळी मांसाच्या चवीची होती आणि शिवाय धाकटी खुर्चीवरून बिस्किटं खाली टाकत होती, मोत्या बरोब्बर तिच्या पायाशी बसलेला असायचा आणि आम्हाला वाटायचं किती माया करतो तिच्यावर. ते बंद केल्यावर नवव्या दिवशी बांधलेली शी झाली, मी बायकोला हाक मारून दाखवली.

त्या गोळ्या मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकच्या असतील तर परत परत घेऊ नका असं कळकळीने सांगतो. त्या चांगले जिवाणूही मारतात, पित्तातली आम्लं बदलून देणारे सुद्धा, आणि ते परत यायला आठवडे लागतात. आम्हाला आधीच्या डॉक्टरांनी चार कोर्स दिले, त्याची हळहळ अजून आहे.

रक्तात अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) आणि व्हिटॅमिन बी12 बघितलंय का? अल्ब्युमिन खूप कमी असेल तर प्रोटीन आतड्यातून गळतंय, पोटात पाणी होऊ शकतं, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, मग नुसतं खाणं बदलून वाट बघत बसायचं नाही.

---

दादा, खूप खूप आभार. लिम्फोमा शब्द नाहीये रिपोर्टमध्ये. अल्ब्युमिन ठीक आहे, बी12 कमी. आणि खरं सांगू, खाणं बदललं होतं पण सासूबाई प्रेमाने चीजमध्ये गोळी लपवून देत होत्या…

---

ताई, मग ती ट्रायल झालीच नाही असं समजा, परत पहिल्यापासून करा. आईंना गोळी त्याच हायड्रोलाइज्ड डब्यातल्या खाण्यात लपवायला सांगा, म्हणजे द्यायचं त्यांच्याकडेच राहील. बी12 लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, तिथे सूज असली की कमी पडतं, आणि ते भरून काढलं नाही तर बाकीचे उपायही नीट लागू पडत नाहीत. इंजेक्शन नको असेल तर गोळ्यांनीही वाढतं, डॉक्टरांना विचारा. वजन दर रविवारी एकाच काट्यावर करा, भूक, उलटी, शी किती वेळा आणि कशी हे रोज लिहा. पंधराव्या दिवशी इथेच कळवा, मी वाट बघतोय.