मदत हवी आहे: वर्नर अवस्थेत ०.५५ ला स्टिअरिंग का दिसत नाही?

मंडळी, एम.एस्सी. फिजिक्सचा प्रोजेक्ट अडलाय. सध्या देवगडला घरी आहे. दिवसा आंब्याच्या पेट्या भरायच्या आणि रात्री पायथन. सर सुट्टीवर, म्हणून इथे विचारतोय.

दोन क्युबिटची (क्वांटम बिटची) वर्नर अवस्था घेतली आहे: p इतका भाग सिंग्लेट (एकाच दिशेत मोजलं की कायम उलट उत्तरं देणारी, पूर्ण गुंतलेली जोडी), उरलेला निव्वळ नॉइज. वाचलं ते असं की p १/३ च्या वर गेला की एंटँगलमेंट (दोन क्युबिटची क्वांटम गुंतागुंत), १/२ च्या वर स्टिअरिंग (एकावर मोजून दुसऱ्याची अवस्था दुरून वळवणं), आणि सीएचएसएच असमानता (बेलच्या चाचणीचा एक प्रकार) मोडायला ०.७०७ ओलांडावं लागतं. पहिलं आणि तिसरं माझ्या कोडमध्ये चोख येतं, मधलंच येत नाही. ॲलिस आणि बॉब (एकेक क्युबिट हाती असलेले दोन काल्पनिक प्रयोगकर्ते) दोघांनाही x, y, z दिशांत मोजायला लावलं, तिन्ही सहसंबंधांच्या (दोघांची उत्तरं किती जुळतात याच्या मापांच्या) बेरजेचं मूल्य, चिन्ह सोडून, √३ ने भागलं. उत्तर १ च्या वर गेलं तर स्टिअरिंग. p = ०.६ ला १.०३९ येतं, पण ०.५५ ला ०.९५३ च. मग १/२ गेलं कुठे? चार रात्री यात गेल्या.

प्रतिसाद:
कोड बरोबर आहे, आज झोपा. वाइजमन, जोन्स आणि डोहर्टी यांनी २००७ मध्ये काढलेली १/२ ची सीमा ॲलिसला हव्या तितक्या दिशांत मोजू दिलं तर लागू होते. तुम्ही तीनच दिल्यात. ०.५५ ला स्टिअरिंग आहे, तुमच्या चाळणीची भोकं मोठी आहेत.

ॲलिस लबाड आहे असं धरा. तिने बॉबला आधीच ठरवलेली अवस्था पाठवलीय आणि नुसती उत्तरं फेकतेय. (वाशीचा व्यापारी पेटीवरच्या शिक्क्यापेक्षा स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवतो, तसा बॉब.) तिची लबाडी जास्तीत जास्त किती चालेल? दिशांच्या एकक सदिशांना अधिक-उणे चिन्हं लावून बेरजा करा, सगळ्यांत लांब बेरजेला दिशांच्या संख्येने भागा. p या उत्तराच्या वर असेल तर लबाडी टिकत नाही, म्हणजे स्टिअरिंग आहे. आयकोसाहेड्रॉनच्या (२० त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) १२ कोपऱ्यांतून जाणारे ६ अक्ष घेऊन बघा.

मूळ प्रश्नकर्ता:
केलं! ६४ चिन्हजोड्या तपासल्या. सगळ्यांत लांब बेरीज ३.२३६, भागिले ६ म्हणजे ०.५३९. ०.५५ त्याच्या वर! आणि तीन दिशांना √३ भागिले ३, म्हणजे ०.५७७, तिथेच अडकलो होतो. आता १० अक्ष लावतो, पण मध्येच लाईट गेली नाही तर.