शब्दचर्चा : 'उदयोन्मुख स्वतंत्र प्रायोगिक कलाकारांचा शोध'

खर्ज :
दर महिन्याला मित्रमंडळींना दहा-बारा नव्या गाण्यांची यादी पाठवते. यंदा सोबत चार ओळी मराठीत लिहायच्या ठरवल्या आणि पहिल्याच ओळीत अडकले. मनात होतं ते साधं आहे : ज्यांचं अजून फारसं नाव झालेलं नाही, जे मोठ्या कंपनीशी बांधलेले नाहीत आणि आवाजाशी काहीतरी वेगळंच करून बघतायत, अशांचं संगीत हुडकणं. शब्दकोश घेऊन बसले, तर वाक्य तयार झालं ते वर शीर्षकात आहे. मोठ्याने वाचलं तेव्हा वाटलं, हे कलाकार फरार आहेत आणि पोलीस मागावर आहेत. पाचही विशेषणं-नामं शुद्ध, पण एकही जागेवर बसत नाही. एकेका शब्दाबद्दल बोला. इंग्रजीतला 'इंडी'च ('इंडिपेंडंट'चं लघुरूप) ठेवू का, तेही सांगा.

जुनी तबकडी :
'इंडी' ठेवा, पण त्याच्या पोटात दोन अर्थ आहेत हे लक्षात असू द्या. ब्रिटनमध्ये हा शब्द रुळला तेव्हा तो संगीताच्या जातकुळीबद्दल नव्हताच, धंद्याबद्दल होता. १९७७ च्या जानेवारीत बझकॉक्स नावाच्या बँडने उसने पैसे घेऊन चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. असं करता येतं हे बघून बाकीच्यांना धीर आला. १९८० च्या जानेवारीत तिथे स्वतंत्र तबकड्यांची वेगळी खपयादी सुरू झाली. तिच्यात शिरायची अट अशी, की तबकडी बड्या कंपन्यांच्या वितरणाशिवाय दुकानात पोचलेली हवी. आत वाजतंय काय, याच्याशी यादीला देणंघेणं नव्हतं. त्यामुळेच पुढे कायली मिनोगची चकचकीत नाचगाणीही त्या यादीत अग्रभागी दिसली. कारण एवढंच, की तिची कंपनी आणि वितरक दोन्ही स्वतंत्र.

मग १९८६ साली एनएमई या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाने २२ बँडची 'सी८६' नावाची एक कॅसेट काढली आणि तिच्या नावाने एक गिटारी, किणकिणती शैलीच ओळखली जाऊ लागली. हळूहळू 'इंडी' म्हणजे मालकी कोणाची हे मागे पडलं आणि वाजतं कसं हे पुढे आलं. आज बड्या कंपनीने काढलेलं गाणंही खुशाल 'इंडी' म्हणून खपतं. तुम्हाला शैली म्हणायची असेल तर 'इंडी'. मालकी म्हणायची असेल तर मराठीत काहीतरी शोधा.

कोरी वही :
मराठीत शब्द तयार आहे की. पक्षाचं तिकीट नसलेल्या उमेदवाराला आपण काय म्हणतो? 'अपक्ष संगीत'.

खर्ज :
घेतलाच असता. पण अपक्ष निवडून आला की लगेच कोणाला तरी पाठिंबा जाहीर करतो. हां, तसे बँडही आहेत म्हणा.

तिसरी मात्रा :
'स्वतंत्र' मात्र नको. मी तबला शिकतो. आमच्याकडे 'स्वतंत्र वादन' म्हणजे साथ नव्हे, एकट्याचा तबला. त्यात लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी सुरावट, धरायला माणूस लागतोच, तरी ते स्वतंत्र. मैफिलीचा खर्च कोणी केला याचा तिथे संबंध नाही. सिनेमाबद्दल लिहिताना 'स्वतंत्रपणे संगीत दिलेला पहिला चित्रपट' असं येतं. तिथे अर्थ असा, की याआधी तो गृहस्थ कोणाचा तरी सहायक होता. म्हणजे तुमच्या यादीत 'स्वतंत्र कलाकार' वाचून एकाला वाटणार हा एकटा वाजवतो, दुसऱ्याला वाटणार याने गुरू सोडला.

मी बोलताना 'स्वतःच्या हिमतीवर काढलंय' म्हणतो. लांब आहे, पण चुकत नाही. 'स्वखर्चाने' म्हणू नका. त्यात हौस आणि कीव दोन्हीचा वास येतो.

खर्ज :
'हिमतीवर' उचलला. 'उदयोन्मुख'चं काय?

कोरी वही :
तो प्रशस्तिपत्रकातला शब्द, तिथेच शोभतो. 'नवोदित' निव्वळ नवेपणा सांगतो. 'नवखा'त थोडी चूक गृहीत धरलेली असते. 'होतकरू' मला मनापासून आवडतो, कारण तो अस्सल बोलण्यातला आहे, पण तो म्हणणारा नेहमी वडीलधारा असतो. पाठीवर थाप मारल्याशिवाय तो शब्द उच्चारताच येत नाही. शिवाय पंचावन्नाव्या वर्षी पहिला अल्बम काढणाऱ्या बाईला होतकरू म्हणणार का? 'अजून नाव न झालेले' म्हणा आणि पुढे चला.

अर्धविराम :
माझा आक्षेप 'प्रायोगिक'वर आहे आणि तो जरा लांबण लावणार आहे.

मराठीत 'प्रयोग' हा फार राबवलेला शब्द. नाटकाचा शंभरावा प्रयोग असतो, म्हणजे जे नव्व्याण्णव वेळा करून झालंय तेच पुन्हा करणं. व्याकरणात कर्तरी, कर्मणी, भावे. शाळेत परीक्षानळी. या गर्दीत 'प्रायोगिक'ला दोन घरं मिळाली. एक रंगभूमीवरचं, तिथे तो मानाने राहतो. दुसरं सरकारी : 'प्रायोगिक तत्त्वावर'. एखादी बससेवा प्रायोगिक तत्त्वावर सुरू होते, म्हणजे कधीही बंद पडू शकते, तक्रार करू नका. संगीताला 'प्रायोगिक' लावलं की रंगभूमीशी ओळख नसलेल्याला हा दुसरा अर्थ आधी ऐकू येतो : अजून जमलेलं नाही, समजून घ्या.

गंमत म्हणजे मुळात संगीतकारांनाही याच वासाची चीड होती. एडगार व्हारेझ म्हणत, माझे प्रयोग रचना हातावेगळी होण्याआधी उरकलेले असतात. जॉन केजलाही आधी हा शब्द खटकत असे, कारण त्यात कर्त्याला आपण काय करतोय ते ठाऊक नाही असं सूचित होतं. पुढे १९५५ च्या सुमारास त्याने शब्द स्वीकारला, पण अर्थ फिरवून. ज्या कृतीचं फलित आधी सांगता येत नाही, ती प्रायोगिक. यशापयशाचा प्रश्नच काढून टाकला. त्याची १९५१ सालची एक रचना बारा रेडिओंसाठी आहे. प्रत्येक रेडिओपाशी दोघे, एक स्टेशन फिरवणारा, दुसरा आवाज कमीजास्त करणारा. कागदावर खुणा अगदी काटेकोर आहेत. पण ऐकू काय येणार, हे त्या घटकेला त्या स्टेशनवर काय चाललंय त्यावर.

तुमच्या यादीतले लोक असं काही करत असतील तर 'प्रायोगिक' चालेल. नेहमीच्या गाण्यात फक्त वेगळी वाद्यं आणत असतील तर 'प्रयोगशील' म्हणा. तो माणसाच्या वृत्तीचा शब्द आहे. गायिका प्रयोगशील असते, रचना प्रायोगिक असते. सरसकट दोन्ही एकाच पोत्यात भरतात ते बरोबर नाही.

तिसरी मात्रा :
यमन सव्वा तास गाणाऱ्यालाही पुढची तान कशी येणार ते आधी कुठे माहीत असतं? केजची व्याख्या लावली तर आमचे बुवाही प्रायोगिकच.

अर्धविराम :
बुवांना समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचंय हे बुवांना माहीत असतं. श्रोत्यांनाही. रेडिओवाल्यांना सम नाही.

खर्ज :
पटलं. आता 'शोध', ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं. मीच थोडा विचार केलाय.

'शोध'ची तीन क्रियापदं आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. 'शोध घेणे' म्हणजे नुसती खटपट, फळाची हमी नाही. 'शोध लागणे' म्हणजे फळ. 'शोध लावणे' म्हणजे श्रेय. पेनिसिलिनचाही शोध लावतात आणि टेलिफोनचाही. आधीपासून असलेलं आणि नव्याने घडवलेलं, दोन्हींना मराठीत एकच क्रियापद. त्यामुळे 'मी या गायिकेचा शोध लावला' म्हटलं की जणू मी तिला प्रयोगशाळेत तयार केलं. ती बिचारी चार वर्षं गातेच आहे.

जॉन पील १९६७ पासून २००४ पर्यंत, मरेपर्यंत, बीबीसीच्या रेडिओ वनवर गाणी वाजवणारा निवेदक होता. त्याने अमक्या बँडचा शोध लावला असं सर्रास लिहितात. प्रत्यक्षात टपालाने त्याच्याकडे टेपांचे ढीग यायचे. बँडनी त्याला शोधलं होतं. त्याने केलं ते एवढंच, की टेप ऐकल्या आणि आवडल्या त्या वाजवल्या. 'एवढंच' म्हणतेय, पण ढीग बघितला असता तर मी पळून गेले असते.

म्हणून मला 'गवसणे' हवाय. 'मला गाणं गवसलं' यात कर्ता गाणं आहे, मी बाजूला चतुर्थीत उभी. गायकाला सूर गवसतो, तसंच.

जुनी तबकडी :
छान, पण 'गवसणे'ला आधीची वणवण लागते. न शोधता मिळालं ते गवसलं नाही. स्पॉटिफाय २०१५ पासून दर सोमवारी ३० गाण्यांची यादी हातात ठेवतं. त्यातलं गाणं फार तर 'पुढ्यात आलं'. ते आवडू नये असं मी म्हणत नाही, मलाही आवडतात. पण आपण आधी ऐकलेल्याच्या आणि आपल्यासारखे इतर लोक ऐकतात त्याच्या अंदाजाने ते वाढलेलं असतं. ज्याला अजून कोणीच ऐकलेलं नाही त्याचा अंदाज कशावरून बांधणार? आणि तिथे २०२४ पासून बारा महिन्यांत हजारपेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळत नाही. 'अजून नाव न झालेले' म्हणजे बहुतेक त्या हजाराच्या अलीकडचे.

बँडकँप या संगीताच्या संकेतस्थळावर रचनांना कलाकारच खुणेचे शब्द लावतात : शहर, वाद्य, 'घरात ध्वनिमुद्रित' असं काहीही. एका शब्दावरून दुसऱ्यावर जात रात्र जाते, आणि दहातली नऊ रटाळ निघतात. याला 'धुंडाळणे' म्हणतात. त्यानंतर दहावं गाणं 'गवसलं' म्हणायचा हक्क मिळतो.

कोरी वही :
'गवसणी' आठवली. तंबोऱ्याची खोळ. कितीतरी वाद्यं अजून गवसणीतच आहेत, असं काहीतरी लिहा.

खर्ज :
मोह होतोय, पण कोटी वाटेल. सुधारलेलं वाक्य बघा :

'अजून नाव न झालेल्यांनी स्वतःच्या हिमतीवर काढलेली, पुढे काय येईल त्याचा अंदाज न लागू देणारी ही गाणी. महिनाभर धुंडाळताना गवसली.'

अर्धविराम :
चांगलं आहे. फक्त 'गाणी' खटकतंय. गेल्या वेळच्या यादीतलं तिसरं म्हणजे वीस मिनिटं फ्रिजची घरघर होती.

खर्ज :
'ध्वनिमुद्रणं' लिहिलं तर कार्यालयातली नोंद वाटते. 'रचना' म्हटलं तर फ्रिज कोणी रचला, असं विचाराल. 'ट्रॅक'च लिहिते.

तिसरी मात्रा :
'चीज' म्हणा.

अर्धविराम :
म्हणजे लोक बंदिश ऐकायला येतील आणि फ्रिज ऐकून जातील.