शब्दचर्चा : ‘पाचारण’ नेमके कोणाला होते?

मूळ प्रश्न

वसईतील एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) तरुणांसाठी आठ पानांची पुस्तिका तयार करण्याचे काम आमच्याकडे आले आहे. पुनरुत्थानकाळातील चौथ्या रविवारी, म्हणजे उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, जगभरातील कॅथलिक मंडळींमध्ये पाचारणासाठी प्रार्थना होते. ही प्रथा १९६४ पासून चालू आहे आणि पुस्तिका त्याच निमित्ताने काढायची आहे. मसुद्यातले पहिलेच वाक्य असे आहे : ‘प्रत्येक प्रापंचिकाने देवाचे पाचारण ऐकून श्रद्धासमूहात सक्रिय सेवा दिली पाहिजे.’ (प्रापंचिक म्हणजे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी नसलेला सामान्य ख्रिस्ती.) या वाक्यावरून आमच्यात मतभेद झाले. ज्येष्ठांचे म्हणणे असे की ‘पाचारण’ हा शब्द फादर आणि सिस्टर होणाऱ्यांसाठीच रूढ आहे, तो सर्वांना लावला तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. तरुणांना तो शब्दच परका वाटतो आणि ते ‘हाक’ किंवा ‘बोलावणे’ सुचवतात. या शब्दांच्या अर्थच्छटा कोणी नीट उलगडून सांगाव्यात, आणि ‘सक्रिय सेवा’ हा प्रयोग कितपत ठीक आहे तेही सांगावे, अशी विनंती आहे.

प्रतिसाद

‘बोलावणे’ प्रथम बाजूला ठेवावे असे मी सुचवीन. हळदीकुंकवाचे बोलावणे, जेवणाचे बोलावणे येथपर्यंत तो शब्द घरगुती आणि गोड आहे, पण त्याच्यामागे ‘देवाचे’ हा शब्द लागला की मराठी माणसाला एकच अर्थ कळतो. ‘आजोबांना देवाचे बोलावणे आले’ म्हणजे आजोबा गेले. ‘देवाज्ञा’ या शब्दाचेही तेच झाले आहे. शब्दशः पाहिले तर देवाची आज्ञा यापलीकडे त्यात काही नाही, पण ‘त्यांना देवाज्ञा झाली’ हे वाक्य आपण फक्त निधनवार्तेतच वाचतो. तरुणांच्या पुस्तिकेवर ‘तुम्हाला देवाचे बोलावणे आले आहे’ असे छापले गेले तर काय होईल, याची कल्पना आपण करू शकता.

इतरही काही शब्द कोणी ना कोणी सुचवीलच, म्हणून त्यांच्याबद्दल थोडक्यात लिहितो. ‘दृष्टांत’ स्वप्नात होतो आणि त्यातून बहुधा देऊळ बांधले जाते किंवा नवस फेडला जातो. ‘कौल’ हा कोकणात आणि गोव्यात देवाला आधी प्रश्न विचारून मिळवायचा असतो, तेव्हा त्यात पुढाकार माणसाचा असतो. आपल्याला हवी आहे त्याच्या उलट दिशा, जेथे माणसाने काही विचारलेले नसताना देव बोलतो.

आता ‘हाक’ आणि ‘पाचारण’. हाक नावाने मारली जाते आणि तिला ‘ओ’ द्यायची असते, त्यामुळे तिच्यात जवळीक आहे. पण हाक कशासाठी मारली हे हाकेत नसते. आई अंगणातून हाक मारते तेव्हा जेवायला की दळण आणायला, हे जवळ गेल्यावरच कळते. पाचारणात काम आधीपासून गृहीत असते. वर्तमानपत्रातला रोजचा वापर पाहावा : अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले, तज्ज्ञ डॉक्टरांना पाचारण केले, परिस्थिती चिघळल्यामुळे लष्कराला पाचारण करावे लागले. यातले कोणीही मान घ्यायला बोलावलेले नाही. बोलावणाऱ्याकडे अधिकार आहे, ज्याला बोलावले त्याच्याकडून काही निश्चित काम हवे आहे, आणि ते उद्यावर ढकलण्यासारखे नाही, या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात येतात. बायबलच्या मराठी भाषांतरात प्रेषित पौलाच्या पत्रांमधील ‘क्लेसिस’ (बोलावणे) या ग्रीक शब्दासाठी हा शब्द आला, ही निवड मला फार नेमकी वाटते. ‘आमंत्रण’ घेतले असते तर नकार देण्याची सोय राहिली असती, आणि ‘आज्ञा’ घेतली असती तर ज्याला बोलावले त्याच्या होकाराला काही अर्थच उरला नसता.

ज्येष्ठांच्या आक्षेपाबद्दल मात्र मी असहमत आहे. धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्यापुरता हा शब्द मर्यादित होणे ही बोलण्यातली सवय आहे, शब्दाचा मूळ अर्थ तसा नाही. पौल करिंथ येथील मंडळीला ‘तुम्हाला झालेले पाचारण पाहा’ अशा आशयाचे लिहितो तेव्हा त्याच्या समोर गुरुविद्यालयातले विद्यार्थी नाहीत. त्याच ठिकाणी तो त्यांना सांगतो की तुमच्यात विद्वान, बलवान आणि कुलीन फारसे नाहीत. शिवाय जगभरातील कॅथलिक बिशपांच्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) पवित्रतेचे पाचारण सर्वांनाच आहे, हे १९६४ च्या आपल्या दस्तऐवजात एक संपूर्ण प्रकरण देऊन मांडले, आणि पुढच्या वर्षी प्रापंचिकांविषयीच्या आदेशपत्रात ख्रिस्ती पाचारण हे स्वभावतःच प्रेषितकार्याचे, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश पोहोचवण्याच्या कार्याचे, पाचारण असते असे म्हटले. तेव्हा ‘प्रापंचिकांना कसले पाचारण?’ हा प्रश्न कॅथलिक चौकटीतही आता टिकत नाही. गोंधळ होईल म्हणून शब्द सोडायचा की शब्द वापरून गोंधळ दूर करायचा, एवढाच निर्णय आपल्याला घ्यायचा आहे.

प्रतिसाद

वरील विवेचन पटले, पण ‘हाक’ इतक्या सहज सोडू नये. मी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जुन्या मिशनच्या परंपरेतील आहे. आमच्याकडे बायबलमधील शमुवेलाची गोष्ट सांगितल्याशिवाय या विषयाला सुरुवातच होत नाही. मंदिरात झोपलेल्या मुलाला हाक ऐकू येते, तो उठून वृद्ध एली याजकाकडे धावतो, एली म्हणतो ‘मी नाही हाक मारली, जाऊन नीज’, आणि असे तीनदा होते. तिसऱ्या वेळी हे परमेश्वराचे काम आहे हे एलीच्या ध्यानात येते, मुलाच्या नव्हे. कथेतला हा भाग व्याख्यानांमध्ये घाईने उरकला जातो. हाक ज्याला आली त्याला ती ओळखता आली नाही, ती दुसऱ्याने ओळखून दिली, आणि तो दुसराही दृष्टी मंदावलेला, घरच्या मुलांपुढे हतबल झालेला माणूस होता. देवाची हाक आणि मंडळीतली सेवा यांचा सांधा मला येथेच दिसतो. मंडळी ही हाकेनंतर करायच्या कामाची जागा आहेच, पण हाक पारखली जाते तीही तिच्यातच.

शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून एक उदाहरण देतो. ‘हिन्नेनी’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘हा मी येथे आहे’ असा आहे. प्रचलित मराठी बायबलमध्ये यशया संदेष्टा ‘हा मी आहे, मला पाठव’ असे म्हणतो, पण देव अब्राहामाला नावाने हाक मारतो तेव्हा त्याच शब्दाचे भाषांतर ‘काय आज्ञा?’ असे आहे. ज्याने हे केले त्याचा कान मराठी होता यात शंका नाही. वडीलधाऱ्याने हाक मारल्यावर ‘हा मी येथे आहे’ असे मराठी घरात कोणी म्हणत नव्हते. पण ‘काय आज्ञा?’ म्हणताना काम काय आहे याची चौकशी सुरू होते, आणि ‘हा मी आहे’ म्हणताना काम न विचारताच माणूस स्वतःला हजर करतो. पुस्तिकेत दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी छापावीत असे मला वाटते.

आता ‘सेवा’. आमच्याकडे ‘ते सेवेत आहेत’ म्हटले की पगारी पाळक किंवा उपदेशक असाच अर्थ होतो. कोणी नोकरी सोडून या मार्गाला लागला की तो ‘सेवेत उतरला’ आणि साठी ओलांडली की ‘सेवानिवृत्त पाळक’. सरकारी कचेरीतली सेवाज्येष्ठता आणि देवाची सेवा एकाच शब्दात राहत असल्यामुळे उरलेली मंडळी आपोआप ‘सेवा घेणारी’ ठरतात. हा दोष ‘पाचारण’ या शब्दाच्या मर्यादित वापरापेक्षा मोठा आहे. त्यावर उपाय मूळ ग्रंथातच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोजचे अन्न वाटताना काहींकडे दुर्लक्ष होत असल्याची कुरकुर होते आणि त्या कामासाठी सात जण निवडले जातात. तेथे आपल्या मराठी बायबलमध्ये ‘पंक्तिसेवा’ असा शब्द आहे. पंगतीत वाढणे! सेवेसाठी असलेला ‘दियाकोनिया’ हा ग्रीक शब्द मुळात वाढप्याच्या कामाशी जोडलेला होता, आणि मराठी भाषांतरकाराला त्यासाठी पंगत आठवली. त्या सातांपैकी एक स्तेफन होता, म्हणजे पहिला ख्रिस्ती हुतात्मा हा वाढपी म्हणून निवडला गेला होता.

‘श्रद्धासमूह’ हा शब्द मात्र निर्जीव आहे. ‘मंडळी’ वापरावा. ग्रीक ‘एक्लेसिया’ या शब्दातच ‘हाकारून बाहेर बोलावलेले’ असा भाव आहे. तो ‘मंडळी’त उतरत नाही हे मान्य, पण घरची मंडळी, जमलेली मंडळी असा त्या शब्दाला ओलावा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या चौकटीबाहेर पडून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एकत्र समुदाय उभारायचे ठरवले तेव्हा त्याला ‘देवाचा दरबार’ असे नाव दिले. दरबारात माणूस पाचारण झाल्यावरच जातो, त्यामुळे येथे दोन्ही शब्द एकमेकांना शोभतात. पण आज ‘दरबार’ म्हटले की डोळ्यांपुढे वेगळेच बाबा येतात, त्यामुळे तो परत आणण्याचा आग्रह मी धरणार नाही.

प्रतिसाद

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात माळ आहे आणि वारी आहे, तरी या चर्चेत एक भर घालतो. तुकोबांनी आपल्याला कवित्व करायला कोणी सांगितले ते स्वच्छ लिहून ठेवले आहे. स्वप्नात नामदेव आले, सोबत पांडुरंग होते, आणि ‘सांगितलें काम करावें कवित्व’. पुढे लगेच, उगाच सबबी सांगू नयेत अशीही ताकीद आहे, आणि शतकोटी अभंगांपैकी नामदेवांकडून राहिलेले पूर्ण करण्याचा हिशोबही आहे. ‘काम’ हा शब्द येथे पाहावा. अनुभूती, साक्षात्कार असे काहीही न म्हणता तुकोबा त्याला सांगितलेले काम म्हणतात. त्यातही ते दुसऱ्याचे अपुरे राहिलेले काम आहे.

दुसरा शब्द ‘मूळ’. सासरी असलेल्या मुलीला सणासाठी माहेरी न्यायला जो माणूस येतो तो मूळ, किंवा त्याचे येणे. ‘दिवाळीच्या मुळा लेकी आसावली’ ही ओळ बहुतेकांना पाठ असते. देवाने बोलावण्याची आमच्याकडची ही सर्वांत कोवळी कल्पना आहे, पण ती विसाव्याला नेणारी आहे, कामाला लावणारी नाही, म्हणून आपल्या पुस्तिकेला ती उपयोगी पडेल असे वाटत नाही.

सेवेच्या बाबतीत आमच्याकडे एक सोय आहे : सेवा नेहमी कशाची ते सांगितले जाते. कीर्तनसेवा, पखवाजाची सेवा, दिंडीत पाण्याची सेवा. झाल्यावर ‘सेवा रुजू झाली’ म्हणतात. नुसते ‘मी सेवा करतो’ म्हटले तर समोरचा ‘कसली?’ असे विचारतोच. ‘सेवा देणे’ हा प्रयोग तर बँका आणि मोबाइल कंपन्यांचा आहे. देवापुढे सेवा करतात किंवा रुजू करतात, ‘देत’ नाहीत.

प्रतिसाद

एक छोटी शंका. वसईत बोलताना आम्ही ‘त्याला व्होकेशन आहे’ असेच म्हणतो. मग हाच शब्द देवनागरीत का छापू नये?

प्रतिसाद

छापू नये, कारण दहावी झालेल्या मुलाला ‘व्होकेशनल’ म्हणजे वायरिंग, बेकरी किंवा मोटार दुरुस्तीचा अभ्यासक्रम आठवतो. गंमत अशी की दोन्हींचे मूळ एकच, हाकेचा अर्थ असलेला लॅटिन शब्द. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने मठातल्या साधूप्रमाणेच चांभाराचे आणि मोलकरणीचे कामही देवाचे पाचारण आहे असे प्रतिपादन केले. त्याने त्यासाठी वापरलेला ‘बेरुफ’ हा शब्द आजच्या जर्मन भाषेत नुसता ‘पेशा’ या अर्थाने उरला आहे. पाचारणाचा अर्थ सर्वांपर्यंत पोहोचवताना पाचारण करणाराच त्यातून गळून पडतो, हा धोका येथे दिसतो. ज्येष्ठांची भीती मी पहिल्या प्रतिसादात फेटाळली, तिच्यात एवढे तथ्य आहे हे नोंदवतो. म्हणून ‘पाचारण’ सर्वांना लावताना ते देवाचे आहे हे प्रत्येक वेळी वाक्यात दिसू द्यावे.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. या चर्चेनंतर पहिले वाक्य असे बदलले आहे : ‘देवाचे पाचारण प्रत्येक प्रापंचिकाने ऐकून मंडळीत सेवा करावी.’ ‘सक्रिय’ काढले. आणखी काही सुधारणा हवी का?

प्रतिसाद

‘सक्रिय’ काढले हे योग्य केलेत. निष्क्रिय सेवा असा काही प्रकार नसतो, आणि ‘सक्रिय सहभाग’ हा शब्द आता राजकीय पक्षांच्या पत्रकांनी झिजवला आहे. मराठीत अशा माणसाबद्दल ‘तो मंडळीसाठी झटतो’ असे म्हणतात आणि ते पुरते.

क्रियापद मात्र अजून खटकते. पाचारण ऐकत नाहीत, ते होते. ऐकू येते ती हाक. शिवाय ‘करावी’ या विध्यर्थामुळे बोलावणारा देव मागे पडून पुस्तिका काढणारी समितीच हुकूम सोडते आहे असे वाटते. माझी सूचना अशी : ‘देव नावाने हाक मारतो आणि कामासाठी पाचारण करतो, हे पाचारण धर्मगुरूंना होते तसे प्रापंचिकांनाही होते.’ त्याखाली, वारकरी मित्रांनी सांगितल्याप्रमाणे, कामांची नावे घ्यावीत : मिस्सात (चर्चमधील उपासनेत) वाचन, गायकवृंद, लहान मुलांचे धर्मशिक्षण, आजाऱ्याच्या घरी जाऊन बसणे, सणाच्या दिवशी पंगतीला वाढणे आणि नंतर पातेली घासणे. पातेली घासण्याचा उल्लेख गाळू नये, कारण त्या कामासाठी नाव द्यायला फारसे कोणी पुढे येत नाही.

शुद्धलेखनाची एक बाब राहिली. ‘पंक्ती’ एकटा असताना ती दीर्घ, पण ‘पंक्तिसेवा’ या सामासिक शब्दात ती ऱ्हस्व होते. केडगावच्या ‘मुक्तिसदन’ या पंडिता रमाबाईंच्या संस्थेच्या नावालाही हाच नियम लागतो. मुद्रितशोधकाला हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर तो दोन्हीकडे दीर्घ करील.