चार पायांचा रोबो जवानाच्या खरंच कामाचा हाय का? प्रोजेक्टसाठी विचारतोय

रंकाळा_मेक
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचाच, मेकॅनिकल तिसरं वर्ष. १५ जानेवारी २०२५ ला पुण्यात खडकीला आर्मी डेची परेड झाली त्यात ते चार पायांचे रोबो रांगेत चालत गेले बघा, मल्टी युटिलिटी लेग्ड इक्विपमेंट म्हणजे शॉर्टमध्ये म्यूल, तेव्हापासनं माझ्या डोक्यात तेच हाय. मोठ्या प्रोजेक्टला एक पाय तरी स्वतः बनवायचा असं ठरवलंय. पण आमचे गाईड सर म्हणतात पाय कशाला, ट्रॅकवाली गाडी कर, म्हणजे रणगाड्यासारखी पट्ट्यावर चालणारी, स्वस्त पडते आणि वजन जास्त ओढते. मला ते पूर्ण पटत नाही. मागच्या जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत गेलो, पाठीवर १२ किलोची सॅक, चिखल, शेवाळलेले दगड, ओढे, तिथं कुठली गाडी जाणार सांगा? दुसऱ्या दिवशी माझे खांदे उचलत नव्हते, आणि जवान तर यापेक्षा किती तरी जास्त वजन घेऊन चालतो आणि वर लढतो. तर प्रश्न असा की पायदळाला या रोबोचा खरा उपयोग कशात हाय? सामान वाहायला, पुढं जाऊन बघायला, का बंदूक लावून? ज्यांना माहिती हाय त्यांनी सविस्तर लिहा.

गडहिंग्लजचा_फौजी
पोरा, प्रश्न चांगला विचारलास. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत १७ वर्षे काढली, हवालदार म्हणून रिटायर झालो. काश्मीरात आमची पोस्ट रोड हेडपासनं, म्हणजे गाडीरस्ता संपतो तिथनं, चार तास चढावर होती. राशन, रॉकेल, बॅटऱ्या, गोळ्या, सगळं खच्चर आणि पोर्टरच्या पाठीवर यायचं. एक खच्चर सत्तर किलोच्या आसपास घेऊन चढतं आणि वाट त्याच्या पायाला पाठ असते, धुक्यात माणूस चुकतो पण ते चुकत नाही. १९७१ च्या लढाईतलं पेडोंगी नावाचं खच्चर तर पाकिस्तान्यांच्या हाती लागलं होतं, ते पाठीवर मशीनगन आणि गोळ्यांच्या पेट्या तशाच घेऊन परत आपल्या बाजूला आलं. त्यामुळं खच्चराची जागा मशीन घेणार म्हणालास तर माझं मन लगेच हो म्हणत नाही.

आता परेडमधला रोबो १५ किलो उचलतो असं पेपरात वाचलं. १५ किलो म्हणजे पाण्याचा एक जरिकेनसुद्धा पुरा होत नाही रे. अख्ख्या सेक्शनचं, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीचं सामान त्याच्यावर येईल ही आशा आत्ता ठेवू नको.

पण दुसरं काम हाय आणि ते लई मोठं हाय. घराला वेढा पडतो, आत कोण हाय ते कळत नाही, तेव्हा पहिला उंबरा कुणी ओलांडायचा हा प्रश्न असतो. आजपर्यंत आपण कुत्र्याला पाठवत आलो. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागला झूम नावाच्या फौजेच्या कुत्र्याला गोळ्या लागल्या आणि तो गेला. सप्टेंबर २०२३ ला राजौरीत केंट नावाची लॅब्रॅडॉर हँडलरला वाचवताना गेली. ज्यानं कुत्र्यासोबत ड्युटी केली त्यालाच माहीत ते काय असतं, तो हँडलर त्याच्यासोबत जेवतो, झोपतो. त्या उंबऱ्यावर मशीन गेलं आणि गोळी त्याला लागली तर मला काहीही वाईट वाटणार नाही. फक्त एवढं ध्यानात ठेव की कुत्र्याचं नाक त्याला नाही. पुरलेली वस्तू हुंगून काढायला अजून कुत्राच लागतो.

बावड्याची_इलेक्ट्रॉनिक्स
मी कसबा बावड्याची, सध्या पुण्यात मोटर कंट्रोलरवर काम करते. काकांचं १५ किलोचं म्हणणं अगदी बरोबर आहे, पण ते १५ का आहे हे कळलं तर तुला प्रोजेक्टची दिशा मिळेल म्हणून जरा लांबण लावते.

बॉस्टन डायनॅमिक्स या अमेरिकन कंपनीचा चार पायांचा रोबो बिगडॉग २००५ चा, पैसा डार्पाचा, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी संशोधन संस्थेचा. मग त्याचा मोठा भाऊ एलएस३ आला, १८० किलो वजन, ३२ किलोमीटर, मध्ये इंधन न भरता २४ तास, असं टार्गेट होतं. म्हणजे खरोखरचं खेचरच करायचं होतं त्यांना. २०१४ ला हवाईत मरीन सैनिकांनी तो सरावात वापरून पण बघितला. पण आत इंजिन आणि हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे पाय, त्यामुळे आवाज एवढा की शत्रूला लांबूनच कळणार पलटण कुठं आहे, आणि बिघडला तर डोंगरात दुरुस्त कोण करणार, शेवटी २०१५ च्या अखेरीस तो बाजूला ठेवला. नंतर सगळे इलेक्ट्रिकवर आले. आवाज गेला पण त्याबरोबर वजन उचलण्याची ताकदही गेली. त्याच कंपनीचा इलेक्ट्रिक रोबो स्पॉट स्वतः ३२ किलोच्या आसपास, उचलतो १४ किलो, बॅटरी साधारण दीड तास. सगळं गणित बॅटरीपाशी येऊन अडतं. त्यात थंडीत लिथियम सेलची क्षमता पडते, म्हणजे जिथं गरज सगळ्यात जास्त तिथंच बॅटरी कमी मिळते. आपला म्यूल उणे ४० ते अधिक ५५ डिग्रीपर्यंत चालतो असं सांगतात, पण चालणं वेगळं आणि त्या थंडीत किती तास चालणं वेगळं, तुझ्या सरांना हा प्रश्न नक्की विचार.

आणि पाय की ट्रॅक याबद्दल, रस्त्यावर आणि सपाट रानात तुझे सर बरोबर आहेत, चाक कायम कमी करंट खातं. पायऱ्या, धोंडे, पडलेल्या भिंती इथं पाय जिंकतो. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झ्युरिकवाल्यांनी अ‍ॅनिमल नावाचा त्यांचा रोबो एट्झेल डोंगरावर ३१ मिनिटांत चढवला, पाटीवर माणसासाठी ३५ मिनिटं लिहिलेली होती. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. कॅमेऱ्याला उंच गवत म्हणजे जमीनच वाटते आणि बर्फ घट्ट वाटतो, म्हणून डोळा आणि पाय यांचं जमेना की तो पायाचं ऐकतो. तू पावनखिंडीच्या वाटेवर काठी टेकून चिखल बघत चालला असशील ना, तसंच. आणि हे त्याला कुणी ओळीओळीनं लिहून दिलेलं नाही, कॉम्प्युटरमधल्या खोट्या डोंगरावर असंख्य वेळा पडून तो शिकलाय.

उद्यमनगर_टर्नर
मी उद्यमनगरात व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं कॉम्प्युटरवालं मशीन चालवतो, फौजेतलं मला काय कळत नाही पण पायाचं सांगतो. भावा पहिली चूक सगळी पोरं करतात ती म्हणजे गुडघ्याची मोटर गुडघ्यातच बसवतात, त्यानं पाय खाली जड होतो आणि झटकन उचलत नाही. मोटर वर खुब्याजवळ ठेव आणि बेल्ट नायतर रॉडनं गुडघा चालव. एका पायाला तीन मोटरी, चार पायांच्या बारा. गिअरबॉक्सचा रेशो, म्हणजे पायाच्या एका फेरीला मोटर किती फेऱ्या फिरते ते, लई घेऊ नको, रेशो वाढला की ताकद वाढते पण पाय दगडावर आपटला की धक्का सरळ गिअरच्या दातावर येतो. रेशो कमी असला तर पाय उलटा फिरून धक्का सोसतो, एमआयटीच्या चित्तावाल्या रोबोत हीच आयडिया हाय. मटेरियल अ‍ॅल्युमिनियम घे. आपल्याकडं फौंड्रीत सीआय आणि एसजी आयर्न म्हणजे ओतीव लोखंडाचं काम जगात भारी होतंय पण इथं प्रत्येक ग्रॅम नडतो.

आणखी एक, हा रोबो नुसता उभा राहिला तरी करंट खातो, कारण गुडघा वाकवून उभा असतो आणि मोटरला वजन धरून ठेवायला लागतं. खेचर उभं राहून झोप काढतं. म्हणून रोबोला थांबल्यावर पोटावर बसवतात.

शिरोळ_९१
बंदुकीचं कुणीच बोलंना म्हणून लिहितो. २०२१ ला अमेरिकेत घोस्ट रोबोटिक्स कंपनीच्या व्हिजन ६० या चार पायांच्या रोबोवर रायफल बसवून प्रदर्शनात ठेवली होती. ऑक्टोबर २०२२ ला बॉस्टन डायनॅमिक्स धरून सहा कंपन्यांनी आम्ही आमच्या रोबोवर हत्यार लावणार नाही असं जाहीर पत्र काढलं. आणि मे २०२४ ला चीननं कंबोडियाबरोबरच्या सरावात पाठीवर रायफल लावलेला रोबो कुत्रा सगळ्या जगाला दाखवला. म्हणजे पत्रानं काय थांबलं नाही. आमच्या सैनिक टाकळीत पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस फौजेत हाय, माझे दोन चुलतभाऊ आत्ता सीमेवर हायत. समोरच्याकडं हे असताना आपण नुसतं सामान वाहायला रोबो घ्यायचा हे मला पटत नाही.

गडहिंग्लजचा_फौजी
भाऊ, तुमचे भाऊ सीमेवर हायत म्हटल्यावर तुमची काळजी मला समजते. पण ट्रिगरवर बोट माणसाचंच पाहिजे. रात्री झाडीत हललेली सावली अतिरेकी हाय का लाकडं गोळा करणारी बाई हाय हे मी स्वतः श्वास रोखून ठरवलंय, आणि दोनदा गोळी न चालवल्याचं समाधान आजही हाय. ते मशीनवर सोपवायला माझा विरोध हाय. आणि डोंगरात रेडिओचा भरवसा नसतो, मध्ये डोंगराची धार आली की सेट मुका होतो, वर जॅमर असला तर झालंच. कंट्रोल तुटलेली रायफल पुढं एकटी फिरायला लागली तर आपल्याच पोरांनी काय करायचं?

रंकाळा_मेक
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्रभर वाचत बसलो. ताई, बॅटरीचा प्रश्न आज सरांना विचारला, त्यांनी थंडीतलं टेस्टिंग प्रोजेक्टमध्ये घाल म्हणून सांगितलं आणि पायाला परवानगी दिली! आता एकच पाय करणार, बारा व्होल्ट नाही चोवीसवर, आणि आईस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये सेल ठेवून त्यावर पाय किती वेळ वजन धरतोय ते मोजणार. दादा, खुब्याच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग घेऊन उद्यमनगरात कधी येऊ? काका, तुमच्यासाठी एक विचारायचं होतं, १५ किलोच न्यायचं असेल तर पोस्टवर पहिलं काय पाठवाल?

उद्यमनगर_टर्नर
सोमवारी लाईट नसते, मंगळवारी ये. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहून आण, नुसता फोटो चालणार नाही.

गडहिंग्लजचा_फौजी
बॅटऱ्या आणि औषधाची पेटी. पाणी आम्ही बर्फ वितळवून करायचो. पण रेडिओ सेटची बॅटरी संपली आणि जखमी पोरगं खाली न्यायला निरोपच देता येईना अशी एक रात्र मी काढलीय. त्या रात्री १५ किलो पुरं झालं असतं.