पेनॉबस्कॉट भाषा परत आणायची, तर सुरुवात गोष्टींपासून व्हावी का?

सावरी (धागालेखिका)

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्यात पेनॉबस्कॉट नदी आहे. तिच्यातल्या इंडियन आयलंड या बेटावर पेनॉबस्कॉट लोकांची मुख्य वस्ती. ही भाषा लहानपणापासून अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती म्हणून मॅडलिन शे यांचं नाव घेतात. त्या १९९३ साली वारल्या. आता तिथे भाषा नव्याने शिकवली जाते आणि त्यात जुन्या गोष्टींचा मोठा आधार आहे. न्यूएल लायन या पेनॉबस्कॉट कथेकऱ्याने फ्रँक स्पेक या मानववंशशास्त्रज्ञाला सांगितलेल्या ग्लुस्काबेच्या (त्यांच्या दंतकथांतला नायक) गोष्टी १९१८ मध्ये मूळ भाषेत छापल्या गेल्या होत्या. २०२१ मध्ये जमातीच्या भाषातज्ज्ञ कॅरल डेना यांनी दोन अभ्यासकांना सोबत घेऊन त्या आजच्या लेखनपद्धतीत, शेजारी इंग्रजी देऊन पुन्हा आणल्या.

माझं मत: हाच रस्ता बरोबर आहे. ग्लुस्काबे आपल्या आजीजवळ राहतो. ही आजी म्हणजे वुडचक, बिळात राहणारा एक गुबगुबीत प्राणी. शिकारीसाठी ग्लुस्काबेला पिशवी हवी असते. ती हरणाच्या केसांची विणून देते, मूस या थोराड हरणाच्या केसांची विणून देते, याला एकही पसंत नाही. शेवटी ती स्वतःच्या पोटाचे केस उपटून पिशवी विणते. मग हा पठ्ठ्या रानात जाऊन जनावरांना सांगतो, जग बुडणार आहे, माझ्या पिशवीत शिरा. सगळी शिरतात. आजी खूश होईल असं त्याला वाटतं, पण ती रागावते: पुढे आपली नातवंडं-पतवंडं काय खाणार? जा, सोडून ये. आणि तो सोडतो. एवढ्याशा गोष्टीत नातं, रागावणं, समजावणं, शिकारीचा नियम, सगळं बोलीसकट येतं. 'हे पाणी, हा कुत्रा' असल्या तक्त्यांतून काय येणार?

कातळ

गोष्ट छान आहे, मत पटलं नाही.

भाषा तुटली कुठे ते आधी बघा. बेटावरच्या शाळेत नन शिकवायच्या आणि आपली भाषा बोलली म्हणून मुलांना शिक्षा व्हायची. ती मुलं आईबाप झाल्यावर पोरांशी इंग्रजीत बोलू लागली. जे घरात तुटलं ते घरातच जोडावं लागेल.

उदाहरण जवळच्याच मॅसेच्युसेट्समध्ये आहे. वाम्पानोआग भाषा बोलणारं शंभराहून अधिक वर्षं कुणी नव्हतं. जेसी लिटल डो बेअर्ड यांनी १९९३ पासून ती पुन्हा उभी केली, आणि ती कशावरून? १६६३ च्या बायबलच्या भाषांतरावरून आणि जमिनीची खरेदीखतं, मृत्युपत्रं असल्या कागदांवरून. एकही आजीची गोष्ट नव्हती. पण बेअर्डबाईंनी स्वतःच्या मुलीशी जन्मापासून ती भाषा बोलायला घेतली. फरक तिथे पडला.

बे_स्टेट_मराठी

कातळ यांना अनुमोदन. मी बॉस्टनजवळच्या मराठी शाळेत रविवारी शिकवते. मुलं चिमणी-कावळ्याची गोष्ट हावभावांसकट म्हणतात, टाळ्या घेतात आणि खाली उतरून 'मॉम, कॅन वी गो नाऊ?' आमच्यामागे निदान भारतातले आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर आहेत. पेनॉबस्कॉट मुलांच्या मागे ते बळही नाही. त्यामुळे गोष्टींवर इतका भार टाकायची मला भीती वाटते.

सावरी

@बे_स्टेट_मराठी, तुमची मुलं गोष्ट *म्हणतात*. गोष्ट वाक्यावाक्याने उलगडून, तिच्यातली क्रियापदं आपल्या बोलण्यात वापरायला लावणं वेगळं.

@कातळ, एक व्याकरणाचा मुद्दा. पेनॉबस्कॉटसारख्या अल्गोंक्विन भाषांमध्ये 'तो' आणि 'दुसरा तो' यांची रूपं वेगळी असतात. गोष्टीत दोन तृतीयपुरुषी पात्रं आली की कोण पुढे आणि कोण मागे, हे नामावर आणि क्रियापदावर दिसतं. आपल्याला मराठीत 'त्याने त्याला त्याची पिशवी दिली' म्हटल्यावर कुणाची ते विचारावं लागतं. ही रूपं 'मी-तू'च्या संभाषणात येतच नाहीत. कुणी कुणाबद्दल काही सांगू लागलं की येतात. म्हणजे कथन शिकवल्याशिवाय व्याकरणाचा हा मोठा भाग मुलांच्या कानावर पडणारच नाही.

पूर्वाई

दोघांच्या वादात एक गोष्ट राहून जातेय: या गोष्टी आहेत कुणाच्या?

फ्रँक सीबर्ट हा पेशाने डॉक्टर. १९३० च्या दशकापासून बेटावर येऊन ही भाषा टिपत राहिला, पुढे शेजारच्या ओल्ड टाउनमध्ये स्थायिक झाला आणि शब्दकोशावर आयुष्य घातलं. कॅरल डेना यांनी तरुणपणी त्याच्या हाताखाली काम केलं. १९९८ मध्ये तो गेला आणि त्याचे भाषेचे कागद फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत गेले, बेटावर नाही. कायदा साधारणपणे लिहून घेणाऱ्याला लेखक मानतो, सांगणाऱ्याला नाही. आणि १९१८ चं छापील तर आता कुणीही उचलावं. ज्यांच्या आजीने सांगितलं त्यांनी परवानगी मागायची आणि बाकीच्यांनी फुकट वापरायचं, हे मला सहन होत नाही. म्हणून २०२१ च्या पुस्तकावर डेना यांचं नाव आहे, याचं मोल माझ्या लेखी व्याकरणापेक्षा जास्त आहे.

कातळ

@सावरी, 'दुसरा तो' हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण पासामाक्वॉडी ही अगदी जवळची बहीण-भाषा आहे आणि ती बोलणारी माणसं मेनमध्ये आजही आहेत. ही 'दुसरा तो'ची रूपं ती माणसंही वापरतात, आणि जिवंत गळ्यातून, स्वराच्या चढउतारासकट. पेनॉबस्कॉट मुलांनी उन्हाळाभर त्यांच्यात राहावं. शंभर वर्षांपूर्वीच्या छापील पानातून उच्चार कसा कळणार?

सावरी

जावं की, जरूर जावं. पण पासामाक्वॉडींची नदी वेगळी.

पेनॉबस्कॉट गोष्टीत एक राक्षसी बेडूक सगळं पाणी अडवून बसतो, लोक तहानेने मरू लागतात. ग्लुस्काबे त्याच्यावर मोठं झाड पाडतो. खोडाची नदी होते, फांद्यांच्या उपनद्या. तहानलेले लोक पाण्यात उड्या घेतात, कुणी मासा होतो, कुणी कासव, आणि घराण्यांची नावं तिथून येतात. त्याच नदीवरचं ग्रेट वर्क्स धरण २०१२ मध्ये आणि व्हीझी २०१३ मध्ये जमातीच्या सहभागाने पाडलं गेलं आणि समुद्रातून वर चढणाऱ्या माशांचा रस्ता मोकळा झाला. ही गोष्ट पेनॉबस्कॉटमध्ये ऐकलेल्या मुलाला पाणी अडवणं म्हणजे काय, ते निराळं समजावावं लागत नाही.

पूर्वाई

आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की पेनॉबस्कॉट जमातीच्या राखीव क्षेत्रात बेटं येतात, नदीचं पाणी येत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला. घराण्यांची नावं ज्या पाण्यातून आली ते पाणी यांचं नाही म्हणे! वाचून मी रात्रभर अस्वस्थ होते.

कातळ

त्या निकालाबद्दल तिघांचंही एकमत होईल. पण अडीच हजारांच्या आसपास माणसांची जमात आहे, पैसा मोजका. माझ्या हातात असतं तर आधी पाळणाघरात दिवसभर फक्त पेनॉबस्कॉट बोलणाऱ्या दोन बायकांचा पगार काढला असता, गोष्टींचा पुढचा खंड नंतर.

सावरी

त्या दोघी स्वतः भाषा शिकल्या असतील त्या गोष्टींवरच, आणि तिसऱ्या दिवशी पोरं 'पुढे काय झालं' म्हणून मागे लागतील. मी दोन्हींचा खर्च एकाच खात्यात मांडेन.