१९५० चं सिटी कॉलेज : दोन्ही कप ठेवायचे की खोडायचे?

बाकावरचा

ऑफिसात डब्याच्या वेळी वाद निघाला, डबे धुऊन झाले तरी मिटला नाही, म्हणून इथे टाकतोय.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा १९४९-५० चा पुरुषांचा बास्केटबॉल संघ. अमेरिकेत तेव्हा कॉलेजांच्या दोन मोठ्या स्पर्धा असत, एनआयटी आणि एनसीएए. एकाच वर्षी दोन्ही जिंकणारा आजवरचा एकमेव संघ हाच. आणि वर्ष उलटायच्या आत यातलीच पोरं पैसे घेऊन सामन्यांचे आकडे फिरवल्याबद्दल पकडली गेली. माझा सहकारी म्हणतो, दोन्ही विजेतेपदं खोडायला हवी होती. मी म्हणतो, बिलकुल नाही.

आधी ही पोरं कोण ते बघा. १८४७ मध्ये निघालेलं हे कॉलेज, फी शून्य, आणि ही पद्धत थेट १९७६ पर्यंत चालली. लोक त्याला गरिबांचं हार्वर्ड म्हणत. पहिल्या पाचांत एड रोमन, अल रॉथ आणि अर्विन डॅम्ब्रॉट हे तिघे ज्यू, एड वॉर्नर आणि फ्लॉइड लेन हे दोघे कृष्णवर्णीय. सगळे न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतून आलेले. डॅम्ब्रॉट शेवटच्या वर्षाचा, बाकी चौघे दुसऱ्या वर्षाचे.

स्पर्धांआधीचा हिशेब १७ विजय, ५ पराभव. म्हणजे वाईट नाही, पण दहशत बसावी असाही नाही. एनआयटीत उतरले आणि आदल्या वर्षीच्या विजेत्या सॅन फ्रान्सिस्कोला ६५-४६ ने घरी पाठवलं. मग समोर आलं केंटकी. कोच अॅडॉल्फ रपचा संघ, सगळे गोरे, १९४८ आणि १९४९ चे एनसीएए विजेते. सामन्याआधी त्यांच्यातल्या काहींनी कृष्णवर्णीय खेळाडूंशी हात मिळवला नाही, असं सिटीवाले पुढे सांगत. निकाल ८९-५०. एकोणचाळीस गुण! रपच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा पराभव.

अंतिम सामन्यात ब्रॅडली विद्यापीठाला ६९-६१ ने हरवलं. दहाच दिवसांनी, २८ मार्चला, एनसीएएच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा ब्रॅडली आणि जागाही तीच, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. शेवटचे काही सेकंद, सिटी एका गुणाने पुढे. ब्रॅडलीचा जीन मेल्कीओरे चेंडू हिसकावून बास्केटकडे सुटला. उंचीने बुटका, पण चपळ. डॅम्ब्रॉटने हात घालून चेंडू काढला आणि तसाच पुढे लांब फेकला. पुढे नॉर्म मेगर एकटा उभा होता. त्याच सामन्यात टक्कर होऊन डोकं फुटलेलं, टाके घालून परत आलेला. त्याने चेंडू आत ठेवला. ७१-६८. ब्रॅडलीवाले फाऊल होता म्हणत राहिले, ते सोडा.

दोन्ही स्पर्धांत मिळून सात सामने, त्यातला एकही विकला होता असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मग खोडायचं काय?

खडूस मास्तर

खोडायचं ते तुम्ही शेवटच्या ओळीत लपवलंय साहेब. डॅम्ब्रॉट आणि मेगर पकडले गेले ते कुठल्या हंगामासाठी? याच १९४९-५० च्या. पाच पराभवांचा आकडा तुम्ही इतक्या सहज लिहिलात. ते पाचही प्रामाणिक होते, म्हणाल का?

नवख्यांसाठी. बुकी जाहीर करतो, हा संघ ८ गुणांनी जिंकेल. खेळाडूने संघ जिंकवायचा, पण ४ गुणांनीच. दुसऱ्या बाजूला लावणाऱ्याचे पैसे झाले, कॉलेजही जिंकलं, सगळे खूश. याला म्हणतात पॉइंट शेव्हिंग. आणि फरक कमी राखता राखता कधी सामनाच हातचा जातो. जी पोरं जानेवारीत फरक विकतात ती मार्चमध्ये संत होतात हे मी का मानू?

बाकावरचा

मानू नका, पुरावा मागा. मी तेच करतोय. डॅम्ब्रॉटचा तो हात विकाऊ असता तर मेल्कीओरेला जाऊ दिलं असतं. एका गुणाच्या आघाडीवर याहून सोपी संधी कुठली? शिवाय त्याच एनसीएएत ओहायो स्टेटशी ५६-५५, नॉर्थ कॅरोलायना स्टेटशी ७८-७३. एकेका बास्केटवर लटकलेले सामने आहेत हे, आणि सगळे जिंकलेत.

सबवेवाली

मी न्यूयॉर्कमध्ये राहते, सिटी कॉलेजच्या टेकडीखालून रोजचा रस्ता आहे. काळसर दगडाची, पांढऱ्या नक्षीची जुनी इमारत गाडीतून उतरल्यावर मान वर केली की दिसते. त्यामुळे थोडं आपुलकीने लिहितेय, सांभाळून घ्या.

१३७ व्या रस्त्याच्या स्टेशनवरून तेव्हाच्या गार्डनला जायला ५० व्या रस्त्यावर उतरायचं, एकच लाइन. १९५० मध्ये भाडं होतं दहा सेंट. म्हणजे कॉलेजचा खेळाडू दहा सेंट देऊन जायचा आणि अठरा हजारांच्या गर्दीपुढे खेळून दहा सेंट देऊन परत यायचा. गर्दीने तिकिटाला दिलेले पैसे गार्डनच्या मालकांकडे आणि कॉलेजांकडे जायचे. वरच्या रांगांत बुकी बसलेले. त्या इमारतीत पैसे न मिळणारे फक्त दहा जण, आणि ते मैदानावर.

मी चोरीचं समर्थन करत नाहीये. पण खोडायचंच असेल तर कॉलेजपासून सुरू करा. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायाधीश सॉल स्ट्राइट यांनी शिक्षा सुनावताना कॉलेजचंही वाभाडं काढलं होतं. पोरांना प्रवेश मिळावा म्हणून शाळेच्या गुणपत्रिकांत फेरफार झाले होते. ते काम खेळाडूंनी केलं नाही ना?

आजोबांचा रेडिओ

ताई, +१. आणि शिक्षा कुणाला किती, तेही लिहा की. पैसे पुरवणारा सोलात्सो नावाचा जवाहिऱ्या आत गेला, ठीक. सिटीच्या खेळाडूंपैकी वॉर्नरला सहा महिने, रायकर्स आयलंडच्या तुरुंगात. आधी पकडलेल्या तिघांतला एकटा कृष्णवर्णीय तोच. रॉथलाही सहा महिने झाले होते, पण सैन्यात जातो म्हटल्यावर सुटला. बाकीच्यांना तुरुंग नाही. कोच नॅट होलमन १९५२ मध्ये निलंबित, १९५४ मध्ये परत खुर्चीवर, १९६४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये. पोरांना मात्र एनबीएचं, म्हणजे व्यावसायिक लीगचं, दार कायमचं बंद.

खडूस मास्तर

गरिबी, गरिबी, गरिबी. जूनियस केलॉग श्रीमंत होता काय?

मॅनहॅटन कॉलेजचा खेळाडू, तिथे शिष्यवृत्तीवर आलेला पहिला कृष्णवर्णीय. १९५१ च्या जानेवारीत त्याच्याच संघातल्या जुन्या खेळाडूने येऊन सांगितलं, डीपॉलविरुद्ध फरक सांभाळ, हजार डॉलर मिळतील. पोराने जाऊन कोचला सांगितलं, कोचने पोलिसांना कळवलं. सगळं बिंग तिथून फुटलं. तेच शहर, तेच गार्डन, तोच रंग आणि तीच रिकाम्या खिशाची अवस्था. त्याने नाही म्हटलं. तुम्ही वॉर्नरसाठी जेवढे हळवे होता, तेवढं केलॉगसाठी होता का? तीनच वर्षांनी मोटार अपघातात लुळा पडला बिचारा. पुढे व्हीलचेअर बास्केटबॉलचा कोच झाला. तुमचे दोन कप भिंतीवर टांगून ठेवायचे म्हणजे याला काय सांगायचं, तू उगाच त्रास घेतलास?

बाकावरचा

मास्तर, हा मुद्दा टोचला. खरंच. केलॉगपुढे माझ्याकडे उत्तर नाही आणि बनवतही नाही.

पण केलॉगने जे केलं त्यातून गुन्हेगार पकडले गेले, तेच व्हायला हवं होतं. खेळलेला सामना न खेळलेला करणं हा वेगळा उद्योग. आणि न्याय एकसारखा तरी ठेवा. ही भानगड न्यूयॉर्कची म्हणून गाजली तेव्हा रप छाती काढून सांगत होता की माझ्या पोरांना बुकी दहा फुटी काठीनेही शिवू शकत नाहीत. ऑक्टोबर १९५१ मध्ये त्याचेच अॅलेक्स ग्रोझा, राल्फ बीअर्ड आणि डेल बार्नस्टेबल पकडले गेले. मार्च १९४९ मध्ये लोयोलाविरुद्धच्या एनआयटी सामन्यात पैसे घेतल्याचं त्यांनी कबूल केलं. तो सामना केंटकी हरलं. आणि त्याच महिन्यात, त्याच खेळाडूंनी एनसीएए जिंकलं. तो कप आजही केंटकीच्या नावावर आहे, त्यावर धागा काढायला कुणी येत नाही. त्यांचा १९५२-५३ चा अख्खा हंगाम बुडाला, हे मान्य. पण ते पुढे पुन्हा महासत्ता झाले. सिटी कॉलेज मात्र खालच्या, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये.

खडूस मास्तर

केंटकीचाही खोडा. मी कुठे अडवलंय?

अर्धा चहा

मी फक्त वाचायला आलो होतो, पण राहवत नाही. हे सगळं वाचताना मला २००० सालचा एप्रिल आठवला, दिल्ली पोलिसांनी क्रोनिएचं नाव घेतलं तो दिवस. माझ्या भावाने त्याचं पोस्टर भिंतीवरून काढलं आणि घडी घालून कपाटात ठेवलं. फाडलं नाही. खोडणं न खोडणं यात ही तिसरी सोय पण आहे लोकहो.

बाकी बास्केटबॉलमधलं मला फक्त चेंडू नारिंगी असतो एवढंच कळतं.

सबवेवाली

अर्धा चहा, तुमच्या भावासारखंच एक उदाहरण. १८ फेब्रुवारी १९५१. संघ फिलाडेल्फियात टेम्पलला हरवून आगगाडीने परतत होता. पेन स्टेशनवर वॉर्नर, रोमन आणि रॉथला नेलं. लेन त्यात नव्हता. विद्यार्थ्यांनी कॉलेजात सभा घेतली आणि निदान हा तरी स्वच्छ राहिला म्हणून लेनला खांद्यावर उचलून नाचवलं. थोड्याच दिवसांत त्यालाही नेलं. जवळपास तीन हजार डॉलर त्याने आपल्या खोलीतल्या फुलझाडाच्या कुंडीत मातीखाली पुरून ठेवले होते. बराचसा पैसा तसाच होता, खर्चच केला नव्हता पोराने.

१९७४ मध्ये त्याच लेनला सिटी कॉलेजने कोच म्हणून परत बोलावलं. चौदा वर्षं होता. ज्यांना फसवलं त्यांनी घरात घेतलं, आणि आपण ऐंशीएक वर्षांनी काय खोडायचं याची चर्चा करतोय.

खडूस मास्तर

पंचाहत्तर. गणित तपासा ताई.

लेनला कोच केलं ते चांगलंच झालं. शिक्षा भोगलेल्या माणसाला काम मिळालंच पाहिजे. पण माणसाला माफ करणं आणि आकडा कायम ठेवणं या एक नाहीत, दोन गोष्टी आहेत. एवढंच म्हणतोय केव्हापासून.

बाकावरचा

मग ब्रॅडलीचं काय करता? कप त्यांना देणार? तो मेल्कीओरे, ज्याच्या हातून डॅम्ब्रॉटने चेंडू काढला, तोही याच भानगडीत सापडला. १९५१ मध्ये एनबीएच्या निवडीत पहिला क्रमांक आणि पुढे एनबीएत एक मिनिटही खेळला नाही.

खडूस मास्तर

कुणालाच नको. १९५० ची ओळ कोरी ठेवा.

बाकावरचा

आज डब्याच्या वेळी सहकाऱ्याला हा धागा दाखवला. केंटकीचं वाचताना "हं" म्हणाला, कुंडीचं वाचून हसला. केलॉगचा परिच्छेद दोनदा वाचला, मोबाइल माझ्या हातात दिला आणि विचारलं, लोणचं आणलंस का.