मदत हवी आहे: क्रोशाची कॉलर खांद्यावर सपाट बसत नाही

गोल गळ्याच्या कुर्त्यावर घालायला सुटी कॉलर विणतेय, पुढे एक बटण. पांढरा सुती दोरा, १.७५ मिमीची सुई. गळ्याशी ९६ खांब म्हणजे क्रोशाचे उंच टाके (साधारण ४० सेमी), त्यावर खांबांच्याच चार ओळी आणि शेवटी शिंपल्यांची कड.

प्रत्येक ओळीत सारख्या अंतरावर ६ खांब वाढवले तर बाहेरची कड ताणून वर उभी राहते. १६ वाढवले तर झालर पडते, आणि मला झालर अजिबात नकोय, साधी चापून बसणारी कॉलर हवी. ओली करून, टाचण्या लावून वाळवली. घातल्यावर पुन्हा तेच. २ मिमीच्या सुईने वीण फक्त सैल झाली. खळ नको, कॉलर वरचेवर धुवायची आहे.

खांबांचा सपाट गोल रुमाल विणताना दर ओळीला १२ वाढवतात. पण कॉलर उतरत्या खांद्यावर बसते, शिवाय पुढून उघडी. मग इथेही १२ च धरायचे की ९-१० पुरतील? आणि वाढीचे खांब एकावर एक घ्यायचे, की दर ओळीत जागा बदलायची?